उन्हाळ्याचे ताट आणि गच्चीवरील काकडी

उन्हाळा सुरू झाला की जैन घरातील ताटाची डावी बाजू लहान होऊ लागते. कांदा, मुळा, गाजर, बीट ही कंदमुळे आपल्या स्वयंपाकघरात मुळातच नाहीत. इतरांच्या घरी सॅलड म्हणून जी बशी समोर येते, तिच्यातून एवढे वजा केले की निम्मी बशी रिकामी होते. पुढे फाल्गुन चौमासी येते. ज्या श्वेतांबर घरांत नियम काटेकोरपणे पाळला जातो, तेथे फाल्गुन शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पालेभाजी बंद होते. म्हणजे कोथिंबीर गेली, पुदिनाही गेला. मोड आलेली कडधान्ये अनेक घरांत बारा महिने चालत नाहीत. दिगंबर परंपरेतील घरांत तपशील काहीसे निराळे असतात, पण वजाबाकीची दिशा तीच. शेवटी शिल्लक राहतात ती फळे: काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, हिरवी मिरची, लिंबू, आणि आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंत कैरी.

ही यादी कोणास तुटपुंजी वाटेल. परंतु गच्चीवर चार कुंड्या ठेवून पाहणाऱ्यास एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. आपल्याकडील चैत्र-वैशाखात जे पिकत नाही, तेच बहुतांशी या यादीतून आधी वगळले गेलेले असते. कोथिंबीर उन्हाच्या झळा लागताच पानांवर न राहता फुलावर येते. लेट्यूस उंच वाढतो, त्याच्या देठातून दुधासारखा चीक येतो आणि पान कडू होते. पालकाचीही तीच गत. उलट, वेलावरची आणि झुडपावरची फळे थोडी सावली व वेळेवर पाणी मिळाले तर उन्हाळ्यातही येतात. आपल्या नियमामागील कारण जीवोत्पत्तीचे आहे, बागायतीचे नाही. प्रत्येक नियमाला ओढूनताणून विज्ञान चिकटवण्याची मला हौस नाही. तथापि दोन्ही हिशेब एकमेकांशी जुळतात, एवढे मात्र खरे, आणि उन्हाळ्यात घरी काय लावावे या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे सोपे होते: पानांच्या मागे लागू नये, फळांकडे लक्ष द्यावे.

आमचे घर सोलापुरात आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. अशा ठिकाणी भाजी पिकवण्याची कल्पना पुष्कळांना चमत्कारिक वाटते. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी हा उद्योग सुरू केला, त्यामागे मात्र नोकरीतील एक प्रसंग होता. शेतीकर्जाच्या प्रकरणांत पीकपाहणीसाठी खेडोपाडी जावे लागे. एका काकडीच्या प्लॉटवर शेतकऱ्याने आम्हाला काकड्या कापून दिल्या, त्या मात्र मुख्य प्लॉटमधून नव्हे, तर बांधाकडेच्या दोन निराळ्या ओळींतून. कारण विचारताच तो सहज म्हणाला, "साहेब, ह्या घरच्या. ह्यांच्यावर औषध मारत नाही."

त्या शेतकऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. अडचण पिकाच्या स्वभावातच आहे. काकडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर फळ जून होते व बाजारात भाव मिळत नाही. फवारणी केल्यानंतर फळ तोडण्यापूर्वी औषधागणिक ठराविक दिवस थांबावे, असे वेष्टनावर छापलेले असते. जे पीक एक दिवसाआड तोडायचे, त्यावर फवारणीनंतर तीन, पाच किंवा सात दिवस थांबायचे कसे? थांबले तर माल वाया जातो, न थांबले तर औषध आपल्या ताटात येते. शिवाय काकडी आपण शिजवत नाही, आणि बरेच जण ती सालासकट खातात. ज्या मालाचा उलाढालीचा वेग इतका, त्याची तपासणी कोण आणि केव्हा करणार, हे व्यापारी वाचकांना मी वेगळे सांगावयास नको.

गच्चीवर पिशव्या आल्या तेव्हा घरातून पहिली हरकत आमच्या आत्याबाईंनी घेतली. वय ८४, सचित्तत्यागाचा नियम कित्येक वर्षांचा. त्या म्हणाल्या, "अरे, माती उकरायची, पाणी घालायचे, त्यात किती जीव! बँकेतून सुटलास तो ह्यात कशाला पडलास?" हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. जमीन फोडण्याच्या धंद्याची गणना स्फोटीकर्म म्हणून पंधरा कर्मादानांत केलेली आहे, हे मलाही ठाऊक होते. दुसऱ्या बाजूस भगवान ऋषभदेवांनी प्रजेला जी सहा कर्मे शिकवली, त्यांत असि आणि मसि यांच्यामागोमाग कृषि आहे. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही, संकल्पी हिंसा मात्र टाळावी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी आत्याबाईंना एवढेच म्हटले, "आत्या, मंडईतून आणलेली काकडीही कोणीतरी माती उकरूनच लावलेली असते, आणि तिच्यावर कीड मारण्याचे औषधही कोणीतरी मारलेले असते. आपण फक्त पैसे दिले. कृत, कारित आणि अनुमोदित यांपैकी आपण कोणत्या खात्यात बसतो, ते तुम्हीच सांगा."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग निदान तू तरी औषध मारू नकोस. आणि पाणी साठू देऊ नकोस." या दोन अटींवर आमची बाग उभी आहे. या लेखातील पुढील मजकूर म्हणजे त्या अटी पाळून काय करता येते, याचा तपशील होय. शास्त्राचा अंतिम निर्णय महाराजसाहेबांकडून घ्यावा. तो माझा अधिकार नाही.

प्रथम कालगणना. बियाण्याच्या पाकिटावर 'उन्हाळी पेरणी जानेवारी-फेब्रुवारी' असे मोघम छापलेले असते. आपल्या घरांना त्याहून बारीक हिशेब लागतो. काकडीचे पहिले फळ पेरणीपासून सुमारे ४५ ते ५० दिवसांनी हाती येते. माघी पौर्णिमेला बी टोचले तर पाडव्याच्या सुमारास तोडणी सुरू होते आणि ऐन बहर चैत्री ओळीच्या नऊ दिवसांत येतो. घरातील दोन-तीन माणसे आयंबिल करत असतील तर वेलावर काकड्या लोंबत आहेत आणि खाणारे कोणी नाही, असा प्रकार घडतो. म्हणून आम्ही माघी पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी बी लावतो. पहिली काकडी चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे, म्हणजे पारण्याच्या सुमारास निघते. दुसरी लावण पाडवा झाल्यावर लगेच करावी. तिची फळे वैशाखअखेरीस सुरू होऊन ज्येष्ठभर चालतात. आषाढी चौमासीच्या आत वेल आपोआप संपलेले असतात. यानंतर लावण करू नये. टोमॅटो, ढोबळी मिरची व साधी मिरची यांची रोपे मात्र पौष-माघातच कुंडीत गेलेली हवीत, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी त्यांची मुळे खोल जातात.

पिशवी १२ इंच रुंद व १५ इंच उंच घेतली तर तिच्यात सुमारे २५ लिटर माती मावते. भिजल्यावर तिचे वजन ३० किलोच्या आसपास भरते. वीस पिशव्या म्हणजे सहाशे किलो. हे ओझे स्लॅबच्या मध्यभागी न मांडता भिंतींच्या व तुळयांच्या रेषेवर मांडावे. जुने घर असेल तर अभियंत्यास एकदा दाखवून घेणे बरे. पिशव्या काळ्या घेऊ नयेत. काळ्या पिशवीतील माती दुपारी इतकी तापते की मुळे होरपळतात आणि वरून पाणी घालूनही झाड माना टाकते. पांढऱ्या पिशव्या मिळतात. न मिळाल्यास भोवती गोणपाट गुंडाळावे. पिशव्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवाव्यात. खालून हवा खेळते, फरशीची उष्णता लागत नाही, पाण्याचा निचरा होतो आणि खाली झाडणेही सोपे जाते.

सोलापूरची काळी माती एकटी वापरू नये. ती ओली असताना चिकट होते आणि वाळली की भेगाळते. पोयट्याची माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समभाग घ्यावे व प्रत्येक पिशवीत मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. महिन्याने थोडी शेंगदाणा पेंड भिजवून, पातळ करून द्यावी. काकडी खादाड वेल आहे.

खताबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे, कारण ती पुष्कळ जैन घरांना ठाऊक नसते. रोपवाटिकेत 'सेंद्रिय' म्हणून मिळणाऱ्या तयार मिश्रणांत बोनमील, म्हणजे जनावरांच्या हाडांचा चुरा, सर्रास असतो. काही मिश्रणांत रक्ताची भुकटी असते. द्रवरूप टॉनिकांपैकी काही माशांपासून केलेली असतात. पाकिटावर हिरवे पान छापलेले असते, पण घटकांची यादी बारीक अक्षरांत मागील बाजूस असते. ज्या काळजीने आपण बिस्किटाच्या पुड्यावरील अक्षरे वाचतो, त्याच काळजीने ती वाचावीत. यादी छापलेलीच नसेल तर ते खत घेऊ नये आणि सरळ पेंड व शेणखतावर भागवावे. त्याने झाडांचे काहीही अडत नाही.

आता ऊन आणि पाणी. सकाळचे ऊन झाडास हवे असते. अकरा ते चार या वेळचे नको. त्यासाठी वरून आणि पश्चिमेच्या बाजूने ५० टक्के सावली देणारी जाळी बांधावी. ती झाडांच्या डोक्यापासून निदान तीन-चार फूट उंच असावी, नाहीतर तिच्याखाली गरम हवा कोंडते. मातीच्या पृष्ठभागावर उसाचे पाचट किंवा वाळलेली पाने दोन बोटे जाडीने पसरावीत. आच्छादनाने जेवढे पाणी वाचते, तेवढे दुसऱ्या कोणत्याही युक्तीने वाचत नाही.

पूर्ण वाढलेल्या काकडीच्या वेलास भर उन्हाळ्यात रोज दोन-अडीच लिटर पाणी लागते. ज्या गावांत नळाचे पाणी मोजून वापरावे लागते, तेथे बारा-पंधरा पिशव्यांपुढे जाऊ नये. भाजी व तांदूळ धुतलेले पाणी बागेस उत्तम. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मात्र काकडीस घालू नये; त्यात क्षार एकवटलेले असतात व काही आठवड्यांत पानांच्या कडा करपू लागतात. ते फरशी पुसण्यास वापरावे. पिशव्यांखाली बशा ठेवू नयेत. बशीत पाणी साठले की डास होतात, आणि आत्याबाईंची दुसरी अट मोडते.

पाणी देण्याची एक जुनी रीत मला फार आवडते. कुंभाराकडील लहान, न भाजलेल्यासारखे दिसणारे पण पक्के भाजलेले, रंग न दिलेले मडके मातीत गळ्यापर्यंत पुरायचे, त्यात गाळलेले पाणी भरायचे आणि तोंडावर झाकणी ठेवायची. मडक्याच्या अंगातून ओल हळूहळू झिरपते आणि मुळे तिच्याकडे वळतात. माती वरून कोरडी राहते, त्यामुळे तण उगवत नाही व वरच्या ओलीत वाढणारे किडेमकोडेही कमी होतात. गावाला जायचे असेल तर दोन दिवस निश्चिंती. मोठ्या पिशवीतच हे जमते. लहान कुंडीत मडके आणि झाड यांपैकी एकासच जागा मिळते.

दुपारी पाने मलूल दिसली की घरातील प्रत्येक माणूस तांब्या घेऊन धावतो. धावू नये. प्रखर उन्हात पान स्वतःस मिटून घेते. मातीत बोट घालून पाहावे; दोन पेरांवर ओल लागली तर पाण्याची गरज नाही. सायंकाळी पान पुन्हा ताठ होते. सायंकाळीही ते ताठ झाले नाही तरच पाणी द्यावे.

काकडीचे बी निवडताना देशी वाणांस प्राधान्य द्यावे. पूना खिरा जुना आणि सोशीक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हिमांगी व फुले शुभांगी हे वाणही आपल्या हवेला मानवणारे आहेत. बाजारातील पुष्कळ संकरित बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचे असते. तो रंग बुरशीनाशकाचा असतो. असे बी हाताळल्यावर हात धुवावेत आणि मुलांच्या हाती ते देऊ नये.

वेलावर प्रथम येणारी फुले जवळजवळ सर्वच नर असतात. ती गळू लागली की लोक घाबरतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मादी फुले आठ-दहा दिवसांनी येतात. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीच दिसते, नर फुलाचा देठ नुसता सडपातळ असतो. ऊन फार वाढले की नर फुलांचे प्रमाणही वाढते, आणि सावलीच्या जाळीचे महत्त्व येथेच कळते. गच्चीवर मधमाश्या येत नसतील, किंवा किडीसाठी वेलास बारीक जाळी लावली असेल, तर परागण हाताने करावे. सकाळी नऊच्या आत नुकतेच उमललेले नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून, ते मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावे. फूल एकच दिवस टिकते, त्यामुळे उद्या करू म्हणून चालत नाही. आमच्या गच्चीवर एका वेलापासून हंगामात आठ ते बारा काकड्या मिळतात. सहा माणसांच्या घरास पहिल्या लावणीचे चार व दुसऱ्या लावणीचे चार वेल पुरतात.

काकडी कडू का होते, असे मला वारंवार विचारले जाते. काकडीच्या बहुतेक वेलांत कडू द्रव्य असतेच. वेल तहानेला, तापला किंवा दोन दिवस कोरडा राहून तिसऱ्या दिवशी एकदम भिजला की ते द्रव्य फळात उतरते, विशेषतः देठाकडील भागात. टोके कापून चोळल्याने कडवटपणा निघतो, हा घराघरांतील समज आहे. खरे म्हणजे कडू भाग कापून टाकला जातो म्हणूनच उरलेले गोड लागते. उपाय नियमित पाणी हाच. रोज ठरावीक वेळी ठरावीक पाणी, पतपेढीच्या रोजठेवीसारखे.

टोमॅटोच्या बाबतीत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे गेले आणि रात्रही थंड होईनाशी झाली की परागकण निकामी होतात व फुले गळतात. पौष-माघात लावलेली झाडे चैत्रापर्यंत भरभरून देतात, नंतर थांबतात. वैशाखात फक्त झाड जगवावे. लहान, चेरी जातीचे टोमॅटो उन्हात त्यातल्या त्यात अधिक टिकतात. टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तेव्हा रोग समजून पुष्कळ जण औषध आणतात. तो रोग नव्हे. पाणी कधी कमी, कधी जास्त झाल्याने फळास चुना पुरेसा पोहोचत नाही, एवढेच त्याचे कारण. ढोबळी मिरचीही उन्हाला हळवी. तिची पाने खुडू नयेत, कारण उघड्या पडलेल्या फळास उन्हाचा पांढरा चट्टा बसतो. साध्या मिरचीचे मात्र कौतुक करावे तितके थोडे. दोन झाडे वर्षभर पुरतात आणि त्यांच्याविषयी लिहिण्यासारखी अडचणही फारशी येत नाही.

आपल्या सोलापूर-नगर पट्ट्यातील वाळूक आता मंडईत क्वचित दिसते. एखाद्या शेतकऱ्याकडून त्याचे बी मिळाले तर अवश्य लावावे. उन्हाला ते काकडीपेक्षा सोशीक आहे, आणि कोवळ्या वाळकाची चव ज्यांनी बालपणी चाखली आहे त्यांना ते लावण्यासाठी दुसरे कारण लागणार नाही.

कीड येतेच. पांढरी माशी, मावा, आणि काकडीच्या कोवळ्या फळात अंडी घालणारी फळमाशी. येथे आत्याबाईंची पहिली अट आडवी येते, आणि बाजार आपल्यापुढे 'नैसर्गिक' उपायांचा ढीग ठेवतो. त्यांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. निंबोळी अर्काने जीव मरत नाहीत, असे समजणे बरोबर नाही. त्याने किडीची भूक मंदावते, वाढ खुंटते आणि पुढची पिढी थांबते. पिवळ्या चिकट पट्टीवर बसलेली माशी तडफडूनच मरते. फळमाशीचे सापळेही तेच करतात. ही साधने रासायनिक औषधापेक्षा माणसाला कमी अपायकारक आहेत, पण ती अहिंसक आहेत असे प्रमाणपत्र मी देणार नाही.

उरतो तो मार्ग म्हणजे प्रतिबंध. पेरणीच्या दिवसापासूनच लहान वेलांवर बारीक वीणीची नायलॉन जाळी घालावी, म्हणजे कीड आत शिरण्याचा प्रसंगच येत नाही. कीड शिरल्यानंतर घातलेली जाळी उलट तिला आत कोंडते. फळ बोटाएवढे झाले की जुन्या मलमलीची किंवा कागदाची सैल पिशवी चढवावी. फळमाशीस फळापर्यंत पोहोचताच येत नाही. दोन पिशव्यांत हातभर अंतर ठेवावे, कारण दाटीत कीड झपाट्याने पसरते. एवढे करूनही एखादे पान माव्याने भरलेच तर ते पान हलक्या हाताने तोडून खाली अंगणातील झुडपात ठेवावे. या पद्धतीत काही फळे जातात. आम्ही ती जाऊ देतो. बँकेच्या भाषेत, बुडीत खात्याची तरतूद सुरुवातीसच करून ठेवलेली बरी.

तिथींचा प्रश्न याहून नाजूक आहे. अष्टमी-चतुर्दशीस, आणि कित्येक घरांत महिन्याच्या पाच किंवा दहा तिथींस, हिरवी भाजी चिरत नाहीत. वेल मात्र पंचांग पाहत नाही. काकडी वेलावर दोन दिवस अधिक राहिली की पिवळी पडू लागते, आत बी जून होते, आणि आपले काम झाले असे समजून वेल नवी फळे धरणे कमी करतो. म्हणून तिथीच्या आदल्या दिवशी सायंकाळी तयार फळे तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावीत, आणि लागोपाठच्या अडचणीत शेजारी द्यावीत. आमच्या शेजारच्या घरी चतुर्दशीची वाट आता आमच्यापेक्षा अधिक आतुरतेने पाहिली जाते.

हिशेबाशिवाय हा लेख व्यापारी घरांत पुरा मानला जाणार नाही. पिशव्या, जाळी, सांगाडा हा भांडवली खर्च. तो तीन-चार उन्हाळ्यांवर घसारा म्हणून विभागावा. बी, पेंड, शेणखत, पाणी हा चालू खर्च. जमेच्या बाजूस आलेला माल मंडईच्या भावाने धरला तर ताळेबंद तोट्याचा निघतो. उन्हाळ्यातही काकडी इतकी महाग नसते. पैसे वाचवण्यासाठी कोणी ही बाग करू नये. सकाळचा पाऊण तासही खर्चात धरावा लागतो, आणि दुकान ज्यांना साडेनऊला उघडायचे आहे त्यांनी तो घरातील कोणाच्या नावे टाकायचा, हे आधीच ठरवावे.

ताटापर्यंतचा प्रवास थोडक्यात. काकडी सकाळी लवकर तोडावी. दुपारी तोडलेली काकडी लिबलिबीत लागते. चौविहार करणाऱ्या घरांत मे महिन्यातील सूर्यास्त सातच्या आत गाठायचा असतो, म्हणून कोशिंबीर ऐनवेळी करावी, आधी चिरून ठेवू नये. कच्चे दही घातले असेल तर त्यात भिजवलेली मुगाची डाळ घालू नये. द्विदलाचा दोष लागतो. डाळीची कोशिंबीर हवी असेल तर दह्याऐवजी लिंबू पिळावे. काकडी, बारीक चिरलेली कैरी, हिरवी मिरची, मीठ आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. कोथिंबिरीची आठवण होत नाही. आत्याबाईंसाठी सौ. काकडीचे जाड तुकडे जिरे-मिरपुडीबरोबर वाफवते. त्या खातात आणि मीठ कमी आहे असे सांगतात.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आर्द्रा लागते, कैरी-आंबा बंद होतो, आणि तोवर वेलही वाळू लागलेले असतात. देशी वाणाचे एक फळ वेलावर पूर्ण पिवळे होऊ द्यावे. त्याचे बी धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घालून पुढील माघासाठी ठेवता येते. मात्र शेजारी दुसऱ्या वाणाची काकडी असेल तर बी शुद्ध राहत नाही. संकरित वाणाचे बी ठेवू नये. वाळलेले वेल ओढून काढण्याऐवजी बुडाशी कापावेत व मुळे मातीतच कुजू द्यावीत. जाळी धुऊन घडी करावी, मडकी उपसून पालथी घालावीत आणि मातीच्या पिशव्यांची तोंडे बांधून त्या पत्र्याखाली सरकवाव्यात, म्हणजे पहिल्या पावसाचे पाणी त्यांत साचत नाही.